वही कोणाच्या हाती? वऱ्हाडातलं कर्ज आणि सुटकेचा इतिहास



आजचा विषय कर्जाचा आहे. कर्ज म्हटलं की अकोल्यात पहिला प्रश्न येतो तो कर्जमाफीचा. होणार का, कधी होणार, कोणाला मिळणार? त्या वादात आम्ही आज शिरणार नाही. आमचा प्रश्न थोडा अलीकडचा आहे. न झेपणारं कर्ज डोक्यावर आलं, तर वऱ्हाडातला माणूस मदत मागायला कोणाकडे जात होता? तिथे त्याला काय मिळत होतं? आणि तिथपर्यंत जायला तो इतका उशीर का करत होता? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, अर्थशास्त्र नाही. पण कर्जाच्या प्रश्नात पैशाइतकाच माणसाच्या मनाचा आणि न्यायाचा भाग आहे, म्हणून हा विषय घ्यायचं धाडस करतो आहोत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कर्ज जितकं रकमेमुळे हाताबाहेर जातं, तितकंच ते हिशेबाची वही एकाच्याच हाती राहिल्यामुळे जातं. आणि इतिहासात जिथे खरी सुटका झाली, तिथे पहिलं पाऊल बहुतेक वेळा एकच होतं. तो हिशेब तिसऱ्या माणसासमोर उघडला गेला. आता हे बरोबर की चूक, ते तुम्ही ऐकून ठरवा.

गहाण पडलेला प्रांत

सुरुवात कास्तकारापासून न करता एका राजापासून करू. कारण आपला वऱ्हाड हा अख्खा प्रांतच एकदा कर्जापोटी गेलेला आहे.

हैदराबादच्या निजामाच्या नावाने कंपनी सरकार एक फौज ठेवत होतं, हैदराबाद कंटिन्जंट. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. हा खर्च भागवण्यासाठी निजामाच्या दिवाणाने हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने पैसा उचलला. ते प्रकरण १८२० च्या सुमारास इतकं गाजलं की गव्हर्नर जनरलपर्यंत त्याचे शिंतोडे उडाले. पुढे फौजेचा खर्च थकत गेला, कंपनी आपल्या तिजोरीतून तो भरत गेली आणि निजामाच्या नावे मांडत गेली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात गेले. या मुलखाच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च आणि कर्जाचं व्याज भागवायचं होतं. मालकी निजामाची, कब्जा कंपनीचा. खेड्यातल्या भाषेत याला कब्जेगहाण म्हणतात.

आता बघा. निजामाचं म्हणणं होतं की सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांची अबकारी कंपनी खाते, ती रक्कम माझी आहे, ती वजा करा. ती धरली तर कर्ज जवळजवळ उरतच नाही. पण ती वजा झाली नाही, कारण वही कंपनीकडे होती. पुढे १८६० मध्ये हैदराबादचे रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनी आपल्याच सरकारला कळवलं, की निजामाच्या बाजूचा हिशेब निःपक्षपातीपणे धरला असता तर १८५३ साली आपलं त्याच्याकडे न्याय्य येणं निघालं नसतं. म्हणजे सावकाराच्याच मुनिमाने सावकाराला दिलेली ही कबुली.

त्याच १८६० साली नवा तह झाला. सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र परत गेला नाही, तो फौजेच्या खर्चासाठी ठेवून घेतला. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, इंग्लंडपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाखांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमचा भाडेपट्ट्याने घेतला, आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला.

कर्ज माफ झालं तरी गहाण वस्तू सुटली नाही. एका राज्याची, ज्याच्याकडे दिवाण होता, वकील होते, दफ्तर होतं, त्याची ही गत झाली. मग ज्याला सही येत नाही, जो अंगठा देतो, त्याची काय झाली असेल?

अंगठा आणि मुदती खरेदी

वऱ्हाड इंग्रजी अमलात आल्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेताला नंबर पडले, सारा ठरला, आणि वावर कास्तकाराच्या नावावर चढलं. चांगलं झालं. पण जी वस्तू नावावर चढते ती गहाणही पडते आणि विकलीही जाते. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली. अकोला, अमरावती, खामगाव इथल्या बाजारपेठा फुगल्या. सावकार आपणहून दारात येऊन पैसा देऊ लागला, कारण आता जमिनीला किंमत होती. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव उतरले. भाव उतरतो, कर्ज उतरत नाही. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाडचं कंबरडं मोडलं.

कर्ज कसं वाढायचं, हे सविस्तर बघण्यासारखं आहे. धान्य उसनं घेतलं तर सवाई नाहीतर दिढी. म्हणजे एक मण नेलं तर हंगामाला सव्वा मण किंवा दीड मण परत. पैशाचं व्याज वेगळं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा की सावकाराने जुनी खतं उकरून काढू नयेत. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला, आणि प्रत्येक वेळी थकलेलं व्याज मुद्दलात जमा होऊ लागलं. चक्रवाढीचं चाक कायद्यानेच फिरवलं. शेवटी मुदती खरेदी. कागदावर खरेदीखत, तोंडी बोली अशी की पैसे दिलेस की वावर परत. पैसे दिले गेले तरी तोंडी बोलीला कोर्टात किंमत नव्हती.

यापूर्वी सावकारी सौम्य होती असं आम्हाला म्हणायचं नाही. तगादा होता, दाराशी धरणं धरून बसण्याची रीत होती. पण काही आडकाठ्याही होत्या. आपल्या धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, अठरा पदं सांगितली आहेत. मनुस्मृतीत त्यातलं पहिलं पद ऋणादान हेच आहे. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा हे व्याज धर्म्य मानलं आणि व्यापारासाठी, जोखमीच्या प्रवासासाठी चढे दर सांगितले. सगळ्यात महत्त्वाचा नियम दामदुपटीचा. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात कोर्टांनी हिंदूंसाठी हा नियम चालू ठेवला. पण खतच जर तीन वर्षांनी नवं होत असेल आणि व्याज मुद्दल बनत असेल, तर दामदुपट मोजायची कुठून?

म्हणजे नियम होता. तो लागू करायला लागणारा हिशेब मात्र कास्तकाराकडे नव्हता.

सुप्याची होळी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, खतांवर होता. खतं मागायची, मिळाली की जाळायची. अक्षर न येणाऱ्या माणसालाही नेमकं कळलं होतं की आपल्या गळ्याचा फास कागदात आहे.

आपल्याकडे कागदाच्या नाशाची दुसरीही एक आठवण आहे. तुकाराम महाराजांनी वडिलोपार्जित सावकारीची खतं भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. तिथे धनकोने आपल्या हाताने कागद सोडला, सुप्याला ऋणकोने तो जाळला. पण दोन्हीकडे हिशेब तपासला गेला नाही, नाहीसा झाला. संतांना ते शोभतं. समाजाला रोज तसं करता येत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी कायदा आला. आमच्या मते त्यातलं सगळ्यात मोलाचं कलम असं, की शेतकऱ्यावर दावा आला तर कोर्टाने खतावरची रक्कम खरी धरून हुकूमनामा द्यायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा. मूळ दिलं किती, फेडलं किती, व्याज कुठे मुद्दलात घातलं, हे सगळं बघायचं. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. तडजोड करून देणारे मध्यस्थ नेमण्याची सोय झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून गावोगावची काम तपासलं. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच काळात, १८८३ मध्ये.

पण हा कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख. गहाण पडलेल्या प्रांताला शेजारच्या इलाख्याचा कायदा आपोआप लागू होत नव्हता.

१९३३: कर्ज लवाद

वऱ्हाडच्या वाट्याला असा कायदा यायला आणखी चोपन्न वर्षं लागली. आणि तो आणण्यात पुढाकार होता आपल्याच माणसाचा. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. अकोल्यातल्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते. परदेशात जाऊन बॅरिस्टर झालेले आणि वेदवाङ्मयातल्या धर्मकल्पनेवर डॉक्टरेट मिळवलेले भाऊसाहेब १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. तेव्हा जागतिक मंदी होती, कापसाचे भाव कोसळले होते. कास्तकाराने चढ्या भावाच्या काळात घेतलेलं कर्ज पडत्या भावाच्या कापसाने फेडायचं होतं. १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. हिंदुस्थानात या तऱ्हेचा हा पहिला कायदा. पंजाब, बंगाल, मद्रास यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच वाटेने कायदे केले.

हा कायदा चालायचा कसा, ते नीट समजून घेऊ.

कास्तकाराने मंडळाकडे अर्ज करायचा. कर्ज कोणाकोणाचं, किती, आपली मालमत्ता किती, हे सगळं त्यात लिहायचं. मग मंडळ सगळ्या सावकारांना नोटीस काढायचं: तुमचं येणं किती, त्याचा तपशील आणि कागद मुदतीत दाखल करा. जो सावकार तपशील देणार नाही, त्याचं कर्ज फिटलं असं धरलं जाईल. हे कलम फार मोठं आहे. इतके दिवस वही दाखवणं ही सावकाराची मर्जी होती. आता वही दाखवली नाही तर येणंच बुडत होतं.

त्यानंतर दोन्ही बाजू समोरासमोर. मंडळात सरकारी माणूस आणि भागातली जाणती माणसं. कास्तकाराच्या ऐपतीला झेपेल असा आकडा काढायचा, हप्ते बांधायचे. सावकार तयार झाले तर करार नोंदवायचा. एखादा सावकार वाजवी तोड नाकारत असेल तर मंडळ कास्तकाराला तसा दाखला द्यायचं. मग तो सावकार कोर्टात गेला तरी त्याला खर्च मिळायचा नाही आणि पुढचं व्याजही मर्यादेत राहायचं. जबरदस्ती नाही, पण हट्टाची किंमत मोजावी लागणार.

यात माफी कुठे आहे? फारशी नाही. कास्तकाराने फेडायचं होतंच. पण फेडायचा आकडा खरा होता आणि त्याला शेवट होता. अमुक साली शेवटचा हप्ता. ज्याने वर्षानुवर्षं व्याजच भरलं आहे, त्याला शेवटच्या हप्त्याची तारीख कळणं म्हणजे काय, हे ज्याला कर्ज आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. १९३४ च्या सावकारी कायद्याने याला जोड दिली. सावकाराने नीट हिशेब ठेवायचा आणि ऋणकोला तो कळवायचा.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तडजोड सावकाराच्या संमतीवर होती. म्हणून १९३९ मध्ये नवा कायदा करून कर्ज सवलत न्यायालयं नेमली गेली, त्यांना आकडा सक्तीने कमी करण्याचा अधिकार होता. दुसरी मर्यादा, सावकार हात आखडता घेऊ लागले, आणि जे देत होते ते कर्जाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. तिसरी मर्यादा आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मंडळापुढे अर्ज कास्तकाराने आपल्या पायांनी जाऊन करायचा होता. गावासमोर म्हणायचं होतं की मला कर्ज झालं आहे, मला झेपत नाही. जो हे म्हणू शकला तो सुटायला लागला. जो म्हणू शकला नाही, त्याच्यासाठी तो कायदा असून नसल्यासारखा होता.

माफीची वर्षं

स्वातंत्र्यानंतरचा भाग तुम्हाला माहीत आहे, तो वेगाने घेऊ. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत दिसलं की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, बाकी मोठा भाग सावकाराचाच. मग सहकारी सोसायट्या, जिल्हा बँका, पुढे सरकारी बँका आल्या. १९७५ मध्ये महाराष्ट्राने लहान शेतकरी, भूमिहीन आणि कारागीर यांची सावकारी कर्जं रद्द करणारा कायदा केला, आणि १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अकोला, अमरावतीसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ ची देशव्यापी माफी आली. तिची पूर्ण सवलत दोन हेक्टरपर्यंतच्यांना होती, आणि आपल्याकडे कोरडवाहू पाच-सात एकरवाला कागदावर मोठा शेतकरी ठरला. पुढे २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजना.

या सगळ्या माफ्यांनी दिलासा दिला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातल्या बँकांच्या माफ्यांत एक गोष्ट सुटली. माफी बँकेच्या वहीतली होती. कास्तकाराचं कर्ज मात्र चार-पाच वह्यांत असतं. सोसायटी, बँक, कृषी केंद्राची उधारी, हातउसने, सावकार, आणि आता बचत गटाचं, फायनान्स कंपनीचं, मोबाइलवरच्या अ‍ॅपचं. १९३३ च्या मंडळासमोर त्या माणसाचं सगळं कर्ज एका टेबलावर यायचं. त्यानंतरच्या बहुतेक योजना एकेका संस्थेच्या वहीपुरत्या राहिल्या. सगळ्यात आधी तगादा लावणारी वही बहुतेक वेळा बाहेरच राहिली.

देणं आणि दोष

आता थोडं आमच्या विषयाकडे येतो.

जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्हींना एकच शब्द आहे, शुल्ड. नीत्शेने १८८७ च्या ग्रंथात त्यावरूनच सिद्धान्त मांडला, की अपराधाची भावना ही मुळात धनको-ऋणकोच्या नात्यातून आली. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. कर्ज वेगळं, पाप वेगळं. आपल्या परंपरेत तर देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो. ऋण असणं हा माणसाचा दोष नाही, ती त्याची स्थिती आहे. ऋणानुबंध हा शब्द आपण प्रेमाने वापरतो.

पण व्यवहारात आपण हा भेद पुसून टाकला. कर्जबाजारी हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पोरीचं लग्न मोडेल, सोयरे काय म्हणतील, म्हणून माणूस बायकोलाही आकडा सांगत नाही. एक कर्ज फेडायला दुसरं काढतो, दुसऱ्यासाठी तिसरं. सावकाराला हेच हवं असतं. गुप्तता ही वही एकाच हातात ठेवण्याची सगळ्यात स्वस्त सोय आहे.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये पहिल्याच भागात प्रश्न येतो: ज्याचं त्याला परत देणं म्हणजे न्याय का? सॉक्रेटिस विचारतो, शहाणा असताना एकाने तुमच्याकडे शस्त्र ठेवलं आणि वेड लागल्यावर ते परत मागितलं, तर द्याल? नाही देणार. म्हणजे देणं फेडणं हा न्यायाचा एक भाग आहे, सगळा न्याय नाही. लेकरांच्या तोंडचा घास, आई-बापाचं औषध आणि स्वतःचा जीव, यांचं देणं सावकाराच्या देण्याच्या आधी येतं. हे आम्ही भावनेने म्हणत नाही. आपला कायदाही असंच म्हणतो.

आज कुठे जायचं

दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम बघा. हुकूमनाम्याखाली जप्ती आली तरी अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि बाईने धर्माच्या रीतीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त करता येत नाही. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि त्याचं राहतं घर यांनाही त्यात संरक्षण आहे. मात्र जी वस्तू त्या कर्जासाठी स्वतः तारण दिली, तिची गोष्ट वेगळी. आणि जो प्रामाणिक आहे पण ज्याच्याकडे पैसाच नाही, त्याला केवळ कर्जासाठी तुरुंगात टाकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, हा हिंदू कायद्यातला जुना नियम. त्या नियमाच्या आधारावर मुला-नातवाकडून वसुली करता येणार नाही, असं २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने ठरवलं. वारसाकडे जी मिळकत आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. तो जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर गोष्ट निराळी. कुंकू पुसलेल्या बाईच्या दारात उभं राहून तगादा लावणाऱ्याला हे ठाऊक असतं. त्या बाईला मात्र कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरी गोष्ट अवैध सावकारीची. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा हा १८७९ आणि १९३३ च्या कायद्यांचा वारस आहे. सावकाराला परवाना लागतो, हिशेब आणि पावती द्यावी लागते, चक्रवाढ घेता येत नाही, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. दामदुपट म्हणतात ती हीच. आणि कर्जाच्या बदल्यात तारण म्हणून दिलेली जमीन खरेदीखताने लिहून घेतली असेल, तर अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात. सिद्ध झालं तर खत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा त्यांना अधिकार आहे. कागदावर खरेदी असली तरी मागे कर्ज होतं का, हे बघायचं. शंभर वर्षांपूर्वी ज्या तोंडी बोलीला किंमत नव्हती, तिची दखल आता घेतली जाते. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातही देता येतो.

बँक किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर वसुलीच्या माणसाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी, बदनामी, नातेवाइकांना फोन, यावर तक्रार करता येते. आधी त्या संस्थेकडे लेखी, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. लोकअदालतीत तडजोडही होते. पण या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न एकच विचारला जातो: किती, कोणाचं, कधीपासून? म्हणून जाण्याआधी एका कागदावर सगळं लिहून काढा. घेतलं किती, दिलं किती, पावती आहे की नाही. लाजेखातर एकही नाव गाळू नका. ही तुमची स्वतःची वही.

आमचं मुख्य बोलणं इथे थांबवतो. दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

प्रश्न: अशा सवलतींनी माणसाची फेडण्याची सवय मोडत नाही का?

मोडू शकते, काहींची. पण मोठ्या कंपन्यांचं बघा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी बुडाली की सगळे धनको एका टेबलावर बसतात, आकडा कमी करून घेतात आणि कंपनी नव्या मालकाकडे जाऊन पुन्हा उभी राहते. त्याला कोणी सवय बिघडणं म्हणत नाही, व्यवहार म्हणतात. त्याच संहितेत साध्या माणसासाठीही प्रकरण आहे, पण कंपन्यांचे जामीनदार सोडले तर ते अजून लागू झालेलं नाही. आपल्यासाठी जिल्हा न्यायालयात १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालू आहे. १९३३ मध्ये जे टेबल वऱ्हाडच्या कास्तकाराला मिळालं होतं, ते आज कंपनीला आहे, कास्तकाराला नाही. आमचा आक्षेप माफीवर कमी आणि यावर जास्त आहे.

प्रश्न: घरातल्या माणसावर कर्ज आहे असं वाटतं, पण तो बोलत नाही. काय करावं?

"काहून काढलं?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. तो विचारला की माणूस मिटतो. "आपल्यावर एकूण किती आहे, बसून लिहून काढू" असं म्हणा. 'तुझ्यावर' म्हणू नका, 'आपल्यावर' म्हणा. एका बैठकीत सगळं निघणार नाही, दोन-तीनदा बसावं लागेल. आकडा ऐकून तोंडावर काही दिसू देऊ नका. मग तो कागद घेऊन त्याच्यासोबत कचेरीत जा. त्याला एकट्याला पाठवू नका. आणि तो जिवाबद्दल बोलायला लागला, किंवा एकदम गप्प होऊन वस्तू वाटायला, निरवानिरव करायला लागला, तर कर्जाचं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तो दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कागदाचं काम पुढच्या आठवड्यातही होईल.